होळी ते आखाजी: बांधावरचा साग विकताना

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, गहू-हरभरा घरात आला, की शिवार मोकळं होतं आणि गावोगाव लाकडाचे व्यापारी फिरू लागतात. त्यांची घाई खोटी नसते. मृगाचा पाऊस पडला की आपल्या काळ्या जमिनीतून भरलेली गाडी निघत नाही. आपलीही नड खरीच असते. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे घरात लग्न, त्यानंतर लगेच बी-बियाणं. व्यापाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तो नेमका मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओट्यावर येऊन बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "आप्पा, तुमी फक्त सही करा, बाकीनं आमी देखी लेसूत."

सगळेच व्यापारी लबाड नसतात. कागद नीट करणारे, माल उचलण्याआधी पैसे चुकते करणारे आपल्याकडेही आहेत. पण लबाड कोण हे झाड पडल्यावर कळून उपयोग नसतो. उभं झाड आणखी दोन वर्षं थांबू शकतं, आडवं झालेलं आठवडाभरही थांबत नाही. तेव्हा मोजायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं ते सगळं कुऱ्हाड लागण्याआधी.

सुरुवात झाडं मोजण्यापासून करा. शिंप्याकडची टेप घ्या आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, प्रत्येक झाडाचा घेर घेऊन वहीत लिहा. विकायच्या झाडांनाच ऑइलपेंटने नंबर टाका. हा नंबर दोन ठिकाणी हवा: एक छातीच्या उंचीला आणि दुसरा बुंध्याला अगदी जमिनीलगत, जिथे करवत लागणार नाही. वरचा नंबर ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. बारा झाडांचा सौदा झाला आणि शेतात पंधरा खुंट दिसले, तर नंबर नसलेले तीन खुंट तुमच्या बाजूने बोलतात. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, ती बहुतेक जण वापरत नाहीत. झाडं सातबाऱ्यावर आली की पुढचं अर्धं भांडण मिटतं.

आता भावाचं. "सरसकट उक्ते देऊन टाका" हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. सागाच्या जाड ओंडक्याला आणि बारीक बल्लीला एकच भाव कधीच नसतो. घेर वाढतो तसा घनफुटाचा दर चढतो, कारण जाड झाडात गाभ्याचं लाकूड जास्त आणि कडेचं पांढरं कमी निघतं. सरसकट सौद्यात तुमची चार जाड झाडं बारीक झाडांच्या भावात जातात. त्यामुळे जाड झाडं वेगळी काढा, त्यांचा वेगळा भाव मागा आणि निदान तीन जणांकडून भाव घ्या. तिघं एकाच गाडीतून आले तर तो एकच भाव समजावा. वन विभागाच्या आगारात लिलाव असेल त्या दिवशी जाऊन नुसतं उभं राहिलं, तरी कोणत्या घेराचा माल कितीला जातो ते कळतं. तिकडचा भाव बांधावर मिळणार नाही, कारण तोड, ओढाई आणि गाडीभाडं त्यातून वजा होतं. पण किती वजा होतं, हे आपल्याला विचारता आलं पाहिजे.

मापात सर्वांत जास्त फसवणूक होते, म्हणून इथे जरा थांबू. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मधोमध घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने गुणायचं. समजा ओंडका 3 मीटर लांब आहे आणि मधला घेर 100 सेंटिमीटर. चौथाई झाली 25 सेंटिमीटर, म्हणजे 0.25 मीटर. 0.25 × 0.25 × 3 = 0.1875 घनमीटर. एका घनमीटरचे 35.31 घनफूट होतात, म्हणजे हा ओंडका 6.62 घनफूट भरला. त्याच ओंडक्याचा शेंड्याकडचा घेर 88 सेंटिमीटर असेल आणि व्यापाऱ्याच्या माणसाने टेप तिथे लावली, तर हिशोब येतो 0.1452 घनमीटर, म्हणजे 5.13 घनफूट. एका ओंडक्यामागे दीड घनफूट गेलं, पाचव्या हिश्शाहूनही जास्त. आणि कोणी काही चोरलं असं दिसतही नाही.

चौथाई घेराची पद्धत मुळातच लाकूड कमी दाखवते. वरच्या ओंडक्यात खरं लाकूड 8.43 घनफूट आहे. ओंडका चौरस करताना कडा वाया जातात म्हणून बाजाराने ही पद्धत धरली आहे आणि दरही तिच्याच हिशोबाने ठरतात. त्यात लबाडी नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा चौथाईने मोजून झाल्यावर "साल वजा, पांढरं वजा, पोकळी वजा" असं पुन्हा कापायला घेतात. कडांची घट एकदा चौथाईत गेली, तीच परत कशाला द्यायची? साल सोलून मोजायचं की सालीसकट, हे सौद्यातच ठरवा. कुऱ्हाडीचा दांडा ठोकून "आतून पोकळ आहे" म्हणणाऱ्याला सांगा, पाडल्यावर बघू आणि असेल तेवढंच पोकळ वजा करू. लांबीही बघा. सव्वातीन मीटरचा ओंडका कागदावर तीन मीटर होतो, आणि असे चाळीस ओंडके झाले की दहा मीटर लाकूड फुकट गेलेलं असतं.

बाभूळ, कडुनिंब असला माल टनावर जातो. तिथे मेख वेगळी. तोडल्या दिवशी लाकडात भरपूर पाणी असतं. व्यापारी "उद्या गाडी पाठवतो" म्हणत एप्रिलच्या उन्हात माल पडू देतो आणि वाळल्यावर वजनकाट्यावर नेतो. त्यामुळे तोड झाल्यापासून किती दिवसांत वजन होणार, हे आधी ठरलेलं हवं. रिकाम्या गाडीचं वजन तुमच्या डोळ्यांसमोर, माणसं खाली उतरवून करून घ्या. काटा शक्यतो तुम्ही निवडलेला असावा आणि दोन्ही चिठ्ठ्या तुमच्या खिशात असाव्यात.

परवानगीचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण सर्वांत महाग तोच पडतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 सालचा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, हिरडा, बिजा, हळदू, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कडुनिंब-बाभूळ त्या यादीत नाहीत, तरी वाहतुकीचे नियम निराळे असतात. ते वनपालाला विचारूनच पुढे जा. शेत नगरपालिकेच्या हद्दीत गेलं असेल, तर तिथे 1975 चा वेगळा कायदा लागतो. जमीन वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, खातं सामाईक असेल, किंवा झाड नेमकं धुऱ्यावर (सामाईक बांधावर) असून शेजाऱ्याचाही हक्क असेल, तर आधी ते मिटवा. भावाची सही नसताना विकलेला साग पुढे दिवाणी कोर्टात उभा राहिलेला पुष्कळांनी पाहिला आहे.

"परवानगी मी काढतो" असं व्यापारी म्हणाला तर काढू द्या, त्यात गैर काही नाही. पण कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा नाही म्हणजे नाही. अर्ज तुमच्या नावाने जातो, म्हणून त्यात झाडांची संख्या किती टाकली ते वाचा आणि शिक्क्याची पोच स्वतःकडे ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्यापासून शिरपूर, शहादा, तळोद्यापर्यंत, याला आणखी एक कारण आहे. शेतात आहेत वीस झाडं आणि अर्जात टाकली पस्तीस, तर वरच्या पंधरांच्या नावावर जंगलातला चोरटा माल तुमच्या पासवर, म्हणजे वाहतूक परवान्यावर, बाहेर पडतो. गाडी नाक्यावर अडली की कागदावर गट नंबर तुमचा, नाव तुमचं. व्यापारी फोन उचलत नाही. म्हणून वाहतूक परवान्याची प्रत मागून घ्या आणि त्यातला गाडी नंबर, नगांची संख्या, तारीख तुमच्या वहीशी ताडून पाहा.

आदिवासी खातेदारांनी जास्तच जपून राहावं. त्यांची झाडं मातीमोल भावाने घेतली जात होती, म्हणूनच राज्याला अशा विक्रींचं नियमन करणारा स्वतंत्र कायदा 1969 मध्ये करावा लागला. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागात कोणी रोख पैसे दाखवून मोहाच्या किंवा सागाच्या झाडाचा तोंडी सौदा करायला आला, तर इसार न घेता आधी तहसील आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन रीतसर मार्ग विचारा. इसार घेतला की माणूस अडकतो, आणि तो द्यायचा हेतूही तोच असतो.

खरेदीदाराची माहिती काढणं अवघड नाही. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, तो बघायला मागावा. मधला दलाल असेल तर माल कोणत्या गिरणीत जाणार ते विचारा आणि तिथे एक फोन करा. मागच्या हंगामात कोणत्या गावात तोड केली ते विचारून त्या गावातल्या शेतकऱ्याशी बोला. त्याच्या बोलण्यातून जे कळेल ते कुठल्याच कागदात सापडणार नाही. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर पुढचं विचारायची गरजच नाही.

करारनामा वकिलाच्याच भाषेत हवा असं नाही. झाडांचे नंबर आणि घेर, मापाची पद्धत, घेरानुसार दर, तोड कधी सुरू आणि कधी संपणार, फांद्या आणि जळतण कोणाचं, पाइपलाइन-ठिबक किंवा विजेची तार तुटली तर भरपाई कोणाची, मजुराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, एवढं साध्या मराठीत स्टॅम्पवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जळतणाचं कलम लोक विसरतात, आणि फांद्यांच्या दोन ट्रॉल्या बोलता बोलता निघून जातात. सागाचा खुंट खालचा नंबर राखून जमिनीलगत, गुळगुळीत आणि थोडा उतरता कापायचा हेही त्यात लिहा. पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात चांगले फुटवे येतात. त्यातला एक जोमदार ठेवला की नवं झाड धरतं.

पैशाचा नियम साधा ठेवा: तोडीआधी इसार, आणि बाकी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी शेताबाहेर नाही. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत. तरी घेतलाच आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवसांची मुदत असते, आणि ती संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली कोर्टात तक्रार करावी लागते. "देतो ना आप्पा, पुढच्या सोमवारी" असं ऐकत या तारखा निघून जातात, आणि पुष्कळदा ते सोमवार त्यासाठीच सांगितलेले असतात.

सांगितल्यापेक्षा जास्त झाडं पडताना दिसली तर मजुरांशी हुज्जत घालत बसू नका. काम थांबवायला सांगा, गाडीचा आणि खुंटांचा फोटो घ्या, वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. माल शिवारात आहे तोवर पंचनामा होतो. गिरणीत जाऊन फळ्या पडल्यावर तो साग तुमचाच होता, हे सिद्ध करणं फार अवघड जातं.