राजवाडा पाहायला उतरती दुपारच गाठा

इंदूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना दुपारी साडेतीन-चारला राजवाड्यावर नेतो. गाडी मात्र लांबच लावा. चौकात वाहन घालणं म्हणजे नसता ताप, रिक्षा बरी.

आत शिरण्याआधी समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी थांबून सातही मजले नीट बघा. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. होळकरांच्या या वाड्याला आगीनं वारंवार गाठलं. 1984 च्या दंगलीतली आग सगळ्यात वाईट. मागचा बराच भाग नंतर उभारलेला आहे, हे ठाऊक असलं की जुनं-नवं ओळखायला मजा येते. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, तिथे दर्शन घ्या.

उजेड असेतो कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, उरका, चालत जाण्याइतक्याच जवळ आहेत.

मग सराफा बाजार. पण घाई नको! सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावरच खाऊगल्ली जागी होते, म्हणून नऊच्या आधी जाऊ नका. भुट्ट्याचा कीस घ्याच, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंदही. जिलेबा म्हणजे भली मोठी जिलबी, ती मात्र चौघांत एकच सांगा. आणि हॉटेलात जेवून आलात, तर तुमचं तुम्ही बघा.