पक्षिनिरीक्षण गट कसा चालवावा: महिन्याची फेरी, पावसाळी व्याख्यानं आणि भिगवणची सहल

नवा गट जमला की पहिल्याच बैठकीत कोणीतरी भिगवणचं, म्हणजे उजनी धरणाकाठच्या पाणपक्ष्यांच्या ठिकाणाचं, नाव काढतं. ते निदान पहिला हिवाळाभर बाजूला ठेवा. सहलीला चाळीस माणसं येतात आणि पुढच्या महिन्यात चार उरतात. गट टिकतो तो घराजवळच्या एका जागेवर: महिन्याचा ठरलेला रविवार, तीच वेळ, तीच वाट. नवख्याला तेच तीस-चाळीस पक्षी पुन्हा पुन्हा दिसले की नावं डोक्यात बसतात. शिवाय चक्रवाक (हिवाळ्यात येणारी बदकं) कधी आले, कधी गेले, याचा हिशेब आपोआप तयार होतो.

जागा आणि वेळ

निम्मं पाणी, निम्मी शेतं किंवा झाडी असलेली जागा उत्तम. पुणेकरांना सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट सोयीचं आहे. तिथे मुळा-मुठेवरचा जुना बंधारा आहे, आणि हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, धोबी, तुतवार, शराटी असं सगळं एका फेरीत होतं. पाण्याला वास येतो आणि काठाला प्लास्टिक साचलेलं असतं, हे नव्या लोकांना आधीच सांगावं, म्हणजे पहिली दहा मिनिटं त्याच चर्चेत जात नाहीत.

आदल्या आठवड्यात दोघांनी जाऊन वाट बघून यावी. चिखल कुठे आहे, भटकी कुत्री कुठे बसतात, गाड्या कुठे लावायच्या, स्वच्छतागृह जवळ कुठे आहे. आणि मुख्य म्हणजे ऊन कुठून येतं. सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघावं, ऊन पाठीवर हवं. समोरच्या काठावरून बघितलं तर थापट्या काय आणि तलवार बदक काय, सगळी काळीच दिसतात. अशा वेळी नावांवरून वाद होतात आणि यादी बिघडते.

थंडीत साडेसहाला जमावं, उन्हाळ्यात पावणेसहाला. अडीच तास पुरे. नंतर पक्षीही मंदावतात आणि माणसांना पोह्यांची आठवण येते.

किती माणसं

एका जाणकारामागे आठ ते दहा. वीसच्या वर नावं आली तर दोन तुकड्या करून पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. पुढे एक जाणकार आणि शेवटी एक, हे पक्कं. शेवटी कोणी नसलं तर मागची माणसं पोचेपर्यंत खंड्या उडालेला असतो. असं तीनदा झालं की ती पुढच्या फेरीला येत नाहीत.

दुर्बिणीची दहा मिनिटं

गटाने सुरुवातीला दुर्बीण घ्यायचीच असेल तर 8×42 घ्यावी. 10×50 जड पडते आणि हात हलतो, त्यामुळे पक्षी जवळ दिसूनही ओळखता येत नाही. दोघांत एक पुरते. निघण्याआधी प्रत्येकाकडून जुळवून घ्यावी:

1. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत फिरवावेत, नसेल तर बाहेर काढावेत.
2. दोन्ही नळ्या जवळ-लांब करत एकच गोल दिसेपर्यंत आणाव्यात. कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल तर हे दोन टप्पे चुकले आहेत.
3. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने पाटीवरची अक्षरं स्पष्ट करावीत.
4. आता डावा डोळा झाकून उजव्या भिंगाची कडी फिरवावी. मधल्या चाकाला हात लावू नये.

यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की कडी पुन्हा जुळवावी लागते. म्हणून जोडीदाराने आपली खूण लक्षात ठेवावी. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवू नये, तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. नवखे आधी दुर्बीण लावतात आणि मग आभाळभर फिरवत बसतात.

पक्षी दाखवायचा कसा

«तो बघा, तो बघा» याचा कोणाला उपयोग नाही. आधी मोठी खूण, मग दिशा, शेवटी पक्षी: «पलीकडच्या काठावर विजेचा खांब. खांबाच्या खाली काळा दगड. दगडाच्या उजवीकडे हातभर अंतरावर शेपटी हलवतोय तो तुतवार.» बोट हळू उचलावं, हात झटकून नाही. नाव लगेच सांगू नये. चोच, पाय, डोळ्यावरची पट्टी लोकांकडून वदवून घ्यावी. असं वर्षभर केलं की गटात दुसरा जाणकार तयार होतो.

यादी

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याच्या ॲपवर) यादी एकानेच करावी आणि बाकीच्यांना पाठवावी. प्रत्येकाने वेगळी केली तर तेच पन्नास चक्रवाक पाच वेळा मोजले जातात. सुरुवातीची वेळ आणि चाललेलं अंतर नीट भरावं. पाण्यावरून शेतात शिरलात की नवी यादी सुरू करावी. ओळखलेला प्रत्येक पक्षी, कावळा-कबुतरासकट, लिहिला असेल तरच यादी पूर्ण म्हणून द्यावी. थवा मोजताना दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा अंदाज घ्यावा आणि ते माप थव्यावर सरकवत न्यावं. आकडा चुकेल या भीतीने जागा कोरी सोडू नये, अंदाज चालतो. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाजावरून सुचवलेलं नाव मात्र स्वतः ऐकून खात्री केल्याशिवाय यादीत घालू नये.

फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं गटात पूर्ण बंद ठेवावं. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना भरवायचं राहून जातं. घरट्याचे फोटो काढू नयेत, घुबडाची जागा व्हॉट्सॲपवर टाकू नये. हा नियम पहिल्याच फेरीत सांगावा. नंतर सांगितला की कोणाला तरी टोमणा वाटतो.

व्याख्यानं

जून ते सप्टेंबर फेऱ्या रोडावतात, तेव्हा व्याख्यानं घ्यावीत. वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग पुरतो. चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस मिनिटं प्रश्न. विषय अरुंद ठेवावा: पावशा आणि त्याच्या भाऊबंदांची दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याची रीत, सुगरणीचा खोपा, उडत्या शिकारी पक्ष्यांची ओळख. «पक्ष्यांचं अद्भुत विश्व» अशा नावाखाली दीडशे फोटो येतात आणि लोक पाऊणशेव्याला डुलक्या काढतात. वक्त्याला चाळीसच चित्रं आणायला सांगावं. प्रोजेक्टर आणि केबल आदल्या संध्याकाळी त्याच्याच लॅपटॉपला लावून बघावी.

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला. त्या आठवड्यात शाळांना बोलणारी माणसं हवी असतात. दिवाळीची सुट्टी कधी संपते ते बघून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवावं.

आता भिगवण

उजनीच्या फुगवट्यावरचं हे ठिकाण पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. बदकं नोव्हेंबरपासून असतात. रोहितांना (फ्लेमिंगोंना) उथळ पाणी आणि चिखल लागतो, तो धरणाचं पाणी उतरल्यावरच उघडा पडतो. पाऊस जोरदार झालेल्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं आणि रोहितही लांबतात. म्हणून तारीख जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतली धरावी आणि आठवडाभर आधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून पाणी विचारावं.

सतरा आसनी गाडीत पंधराच जण घ्यावेत, दोन जागा तिपाई, दुर्बिणी आणि पिशव्यांना जातात. खर्च मात्र बारांवर वाटावा. आयत्या वेळी दोन-तीन गळतातच. पंधरांवर वाटला तर भुर्दंड आयोजकाच्या खिशाला. सगळे आले तर उरलेले पैसे परत द्यावेत. पैसे आगाऊ घ्यावेत आणि कधीपर्यंत परत मिळतील हे सुरुवातीलाच लिहून द्यावं.

चारला निघालं की उजाडायच्या आत पोचता येतं. एका होडीत पाच-सहा जण, अंगात लाइफ जॅकेट, उभं राहायचं नाही. नावाड्याला आधीच बजावावं की थवा उठवायचा नाही. उडत्या रोहितांचे फोटो हवेत म्हणून गिऱ्हाइकंच त्याला होडी आत घालायला लावतात, आणि चरणारे पक्षी दिवसातून दहादा उठतात. रोहितांनी माना वर करून एका दिशेने चालायला सुरुवात केली की होडी तिथेच थांबवावी.

दहाला होडीतून उतरून जेवण सांगून ठेवावं. चिलापी मासा खाणारे किती आणि शाकाहारी किती, हा आकडा आदल्या दिवशीच कळवलेला बरा. दुपारी कडबनवाडीच्या माळावर भोवत्ये (शिकारी पक्षी) आणि चिंकारा हरणं दिसतात, पण तिथे वनखात्याच्या सफारीचं आरक्षण लागतं, ते सहल ठरली की लगेच करावं. माळावर गाडी रस्ता सोडून नेऊ नये. धाविक आणि टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती चाकाखाली जाईपर्यंत दिसत नाहीत.