ॲक्शन कॉमेडीचा दुसरा पार्ट टीनएजर पोरांना दाखवायचा का, कसं ठरवायचं?

पहिला पार्ट पोरांनी बघितलाय, काही वावगं नव्हतं, मग दुसरा बघायला काय हरकत आहे, हा हिशोब आधी डोक्यातून काढून टाका. सीक्वेलवाल्यांना पहिल्यापेक्षा मोठं काहीतरी द्यायचंच असतं, म्हणजे गोळीबार जास्त, मारामारी जास्त आणि जोक पण एक पायरी पुढचे. सर्टिफिकेट सिरीजला नसतं, प्रत्येक पार्टला वेगळं मिळतं, त्यामुळे या पार्टचं काय आहे ते बघा. अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे तेराखालच्या पोरांना दाखवताना पालकांनी सांभाळून असं सांगणारं रेटिंग, हा प्रकारच मुळात १९८४ साली आला आणि त्यामागे 'इंडियाना जोन्स'च्या दुसऱ्या पार्टचा मोठा हात होता. त्यात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपसून काढायचा सीन आहे आणि सिनेमाला रेटिंग होतं नुसतं पीजी, म्हणजे वयाचा आकडा नसलेलं 'पालकांनी बघून ठरवा', पालक भडकले.

आपल्याकडे आता यूए (पोरांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं सर्टिफिकेट) चे तीन भाग आहेत, ७+, १३+ आणि १६+. पोरगं तेरा-चौदाचं असेल तर १३+ आणि १६+ मधला फरक खरंच महत्त्वाचा, नुसतं यूए दिसलं म्हणून हो म्हणू नका. रेटिंगखाली कारणाची एक ओळ असते, हिंसा, शिव्या, नशा वगैरे, ती वाचा. मग आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवर पॅरेंट्स गाइड उघडा, तिथे सेक्स, मारामारी, शिव्या, दारू-सिगारेट, भीतीदायक सीन असे वेगवेगळे भाग असतात आणि कुठल्या सीनमध्ये काय दाखवलंय ते लोकांनी लिहिलेलं असतं. स्पॉयलर मिळतील, मिळू देत, आपण पोरांसाठी वाचतोय.

पण रेटिंगमधून किती आहे ते कळतं, कसं आहे ते कळत नाही, आणि ॲक्शन कॉमेडीत खरी मेख तिथेच आहे. पीजी-१३ सिनेमात पंचवीस माणसं मरू शकतात, फक्त रक्त दिसत नाही. हीरो एकाचा हात पिरगाळतो, कडकन आवाज येतो, तो माणूस किंचाळतो आणि त्याच सेकंदाला हीरोचा मित्र काहीतरी डायलॉग मारतो आणि सगळं थेटर हसतं. असा सीन यूट्यूबवर सापडला तर दोनदा बघा. हसू कशावर येतंय? हीरो स्वतःच घसरून पडला, बंदूक ऐनवेळी अडकली, याच्यावर हसणं वेगळं आणि समोरच्याला होणाऱ्या वेदनेवर हसणं वेगळं. मला स्वतःला रक्तापेक्षा हे दुसरं जास्त खटकतं कारण रक्त बघून पोरं निदान तोंड तरी फिरवतात, हसताना कोण तोंड फिरवतंय.

तसंच जोक कोणावर आहेत तेही बघा. जाड्या माणसावर, तोतऱ्यावर, बाईच्या अंगावर, बोलायच्या ढबीवर असले जोक रेटिंगच्या कारणांत बहुतेक वेळा येतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेमके तेच ऐकवले जातात. शिव्यांचं मी एवढं मनावर घेत नाही, या वयात त्या त्यांना माहीत असतातच. ट्रेलरवर तर अजिबात जाऊ नका, तो सगळ्यांना दाखवता यावा म्हणून वेचून कापलेला असतो.

हे सगळं करून पण ठरत नसेल तर आधी एकट्याने पहिली वीस-पंचवीस मिनिटं बघा, सिनेमाचा सूर तेवढ्यात कळतो. आणि पोराला विचारा की तुला यात काय बघायचंय, मित्रांनी काय सांगितलंय. उत्तर ऐकून घ्या, लगेच लेक्चर नको. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा, "या सीनमुळे नको" हे पोरांना पटतं, "तू लहान आहेस" हे पटत नाही.

घरी बघणार असाल तर कुठलं व्हर्जन आहे ते नक्की बघा. 'डेडपूल २' २०१८ मध्ये अमेरिकेत आर रेटिंगने (सतराखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही) आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचंच कापलेलं पीजी-१३ व्हर्जन वेगळ्या नावाने थेटरात आलं आणि शिवाय घरी बघायला पंधराएक मिनिटं जास्तीचं अनरेटेड, म्हणजे रेटिंगच न घेतलेलं, व्हर्जन पण निघालं. म्हणून प्ले दाबायच्या आधी रनटाइम बघा, थेटरातल्यापेक्षा जास्त असेल तर थेटरातलं सर्टिफिकेट त्याला लागू धरू नका.