अंदमानला लेकरं घेऊन जाताना: बेळगावकरांसाठी

आमच्याकडे पोरांना समुद्र म्हटलं की गोवा. सकाळी चोर्ला घाट उतरायचा, रात्री घरी. अंदमानला तसं जमत नाही. चार वर्षांची मुलगी, दीड वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी वरात नेऊन आणल्यावर हे लिहितेय.

१. आधी तारीख ठरवा. दसऱ्याच्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा तिकडे पाऊस असतो. मान्सूनही तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो. म्हणून शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की एप्रिलच्या मध्यात निघा. आपल्या सांब्रा विमानतळावरून थेट विमान नाही. आम्ही रात्रीच्या रेल्वेने बेंगळुरू गाठलं, एक दिवस थांबलो आणि मग पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) विमान धरलं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण त्याचा जन्मदाखला हाताशी ठेवा.

२. बोटीची परीक्षा घाटातच घ्या. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला (स्वराज द्वीप) जाणारी बोट उघड्या समुद्रातून जाते. जे लेकरू चोर्ल्याच्या वळणांवर ओकतं, त्याला बोट लागणारच असं धरून चला. आमची मुलगी त्यातलीच. त्या सकाळी दूध बंद, फक्त मूठभर चिरमुरे. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच द्या. उलटी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही.

३. घड्याळ विसरा. हे सगळ्यात महत्त्वाचं. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे सूर्य बेळगावच्या सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही. एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, साडेपाचला सूर्य बुडतो. पहिल्या दिवशी आम्ही इथल्या सवयीने चहा-नाश्ता करून दहाला किनाऱ्यावर गेलो. अर्ध्या तासात मुलाचे कान लालबुंद! दुसऱ्या दिवसापासून सहाला पाण्यात, नऊला खोलीत, मऊ भात-मेतकूट आणि झोप. परत साडेतीनला बाहेर. पोरं तशीही पहाटे उठवतातच की, तेवढाच फायदा.

४. किनारा निवडून घ्या. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याची वाळू सुंदर, पण लाटा मोठ्या. लहानग्यांना नीलचं (शहीद द्वीप) भरतपूर बरं, पाणी उथळ आणि शांत. ओहोटीला पायाखाली प्रवाळाचे खडक येतात, म्हणून रबरी सँडल घाला. मगरींची सूचना लावलेली असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही सोडू नका.

५. वाळूमाशीला हलक्यात घेऊ नका. दिसतही नाही, चावल्यावर कळतं. खाजवलं की फोड. पायांना खोबरेल चोपडा, चटई अंथरा, लांब पायजमा घाला.

६. औषधं इथूनच न्या. ओआरएस, तापाचं औषध, थर्मामीटर. मोठं सरकारी इस्पितळ पोर्ट ब्लेअरला आहे. बेटावर रात्री-अपरात्री धावपळ झाली तर मध्ये समुद्र आडवा येतो.

७. शंख-शिंपले, प्रवाळ तिथेच सोडा. नेणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. आम्ही मुलीचे खिसे तीनदा झाडले. तरी मशीनपाशी बॅग अडली आणि आतून दोन शंख निघाले. सासूबाईंनी देवघरासाठी पदराखालून आणलेले.