आधी पाणी, मग फूल

माघात धाकट्या नणंदेचा साखरपुडा आहे. गुलाब आणि शेवंतीला ती कंटाळली म्हणे, म्हणून मोबाइलवरचा फोटो दाखवून निळं आयरिसच हवं असा हट्ट. घर आमचं दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तेव्हा यादी फुलापासून सुरू होत नाही, पाण्यापासून होते. बोअरच्या खाऱ्या पाण्यात कापलेलं फूल तग धरत नाही, लवकर मान टाकतं. आरओच्या पाण्याचे दोन जार आधीच सांगून ठेवायचे, आणि मांडवात पाहुण्यांसाठी ते कोणी उघडणार नाही हे पोट्ट्यांना बजावायचं. बादल्या दुधाच्या कॅनसारख्या घासायच्या. आत बुळबुळीत थर राहिला तर देठाची तोंडं बुजतात, मग वर कितीही चांगलं पाणी असो.

फूलवाल्याला कळीच मागायची, शिसपेन्सिलीसारखी बारीक, टोकाला निळा रंग नुकता डोकावणारी. उमललेलं आयरिस दुकानात देखणं दिसतं, पण त्याचं आयुष्यच तीन-चार दिवसांचं, त्यातला एक एसटीत जातो. अगदी हिरवी कळीही नको, ती तशीच मिटून राहते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी माल घरी यावा. अमरावतीहून जो आणेल त्याने जुडी कागदात गुंडाळून उभी धरायची. एसटीच्या बॉनेटवर ठेवली तर खाली उतरताना भाजी घेऊन यावं लागेल.

घरी आल्याबरोबर चहासुद्धा नंतर. आयरिसची कळी फार वेळ कोरडी राहिली की पुढे पाण्यात ठेवूनही कधी कधी उमलतच नाही. देठाच्या बुडाशी पांढुरका भाग असतो, त्यातून पाणी नीट चढत नाही, तो पुरता कापून टाकायचा. काप तिरपा, सुरी धारदार. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. पाण्याखाली येणारी पानं काढायची, बादलीत चार बोटं पाणी पुरे, आणि ते रोज बदलायचं, त्या वेळी देठही थोडा पुन्हा छाटायचा. जागा म्हणाल तर धान्याच्या कोठीची खोली उत्तम. माघातली थंडी तिथे दिवसाही टिकते. वर पंखा लावू नका. सकाळपर्यंत कळ्या फारच मिटलेल्या वाटल्या तर जुडी ओसरीच्या उबेला आणायची, अंगणातल्या उन्हात नाही.

आता उत्तरंही तयार ठेवायची, कारण चुलतसासूबाई विचारणारच, ह्या फुलाचा अर्थ काय? आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवी, देवांचे निरोप पोचवणारी. साखरपुड्याला दोन घरांमधला निरोप म्हणून हे फूल मला तरी पटतं. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या. फ्रान्सच्या राजांचं 'फ्लर द ली' हे चिन्ह याच फुलावरून घेतलं असं पुष्कळ जण मानतात, तीन पाकळ्यांना श्रद्धा, शौर्य, शहाणपण असे अर्थ लावतात. मला जास्त गंमत वाटते ती जपानची. ५ मेच्या मुलांच्या सणाला तिथे ज्या पानांच्या पाण्याने अंघोळ घालतात ती आयरिसची नसतातच, वेखंडाची असतात. आपल्या घुटीतलं वेखंड! पानं सारखी, म्हणून तिकडच्या आयरिसच्या नावातही वेखंडाचं नाव शिरलं. वेखंडाच्या जपानी नावाचा उच्चार वीरवृत्तीच्या शब्दाशी जुळतो, म्हणून तो मूळचा मुलग्यांचा सण. हे सांगितलं की म्हातारी मंडळी खूश. प्राचीन ग्रीसमध्ये बायकांच्या थडग्यांवर आयरिस लावत म्हणे, आणि काश्मिरात कबरींवर लावतात, ते मात्र त्या दिवशी सासूबाईंसमोर बोलू नका.

मांडणीत दोन गोष्टी. फुलदाणी मंडपाच्या दिव्याच्या झोतात ठेवायची नाही. आणि सुकलेलं फूल अलगद खुडून काढायचं, देठ फेकायचा नाही, कारण त्याच आवरणात बरेचदा दुसरी कळी दडलेली असते, ती उमलायला वाव मिळतो.

सगळं आटोपल्यावर उरलेला पाला ढोरांपुढे टाकू नका. आयरिस जनावराला बाधतं, त्याचा कंद तर जास्तच. कुणाच्या हाताला त्याच्या रसाने खाज सुटली तर भरपूर पाण्याने धुवायचं. पाला गोठ्यापासून लांबच्या उकिरड्यात, वर शेणाचा थर. रिकामे जार परत करायचे, नाहीतर अनामत बुडते.