‘हेइके मोनोगातारी’तील योद्धा कसा वाचावा

‘हेइके मोनोगातारी’ ही जपानी युद्धकथा हाती घेताना प्रथम ध्यानात घ्यावे की, ११८० ते ११८५ या काळात तायरा आणि मिनामोतो घराण्यांत झालेल्या युद्धाची ही कहाणी अंध गायक बिवा या तंतुवाद्याच्या साथीने गात असत, आणि तिची सर्वांत प्रचलित संहिता १३७१ साली, म्हणजे युद्धानंतर जवळपास दोन शतकांनी लेखनबद्ध झाली.

वाचनाचा आरंभ नवव्या खंडातील तरुण तायरा सरदार आत्सुमोरीच्या प्रसंगापासून करावा. इचिनोतानीच्या लढाईत मिनामोतो पक्षाचा योद्धा कुमागाई नाओझाने समुद्राकडे निघालेल्या या सरदाराला पंख्याने खुणावून परत बोलावतो, लोळवतो आणि शिरस्त्राण मागे सारताच त्याला आपल्या मुलाच्या वयाचा कोवळा चेहरा दिसतो. मागून स्वपक्षाचेच घोडेस्वार येत असल्याने त्याला सोडणे व्यर्थ ठरते. कुमागाई रडत त्याचे शिर कापतो आणि मग त्याच्या कमरेला बासरी सापडते. येथे मुळीच घाई करू नये. सारसांची नक्षी असलेला पोशाख, नाव विचारणे, त्याला मिळालेला नकार, हे सारे योद्ध्याच्या प्रतिष्ठेशी निगडित आहे.

त्यानंतर ‘आझुमा कागामी’ ही बखर अवश्य ताडून पाहावी, कारण कथेत या हत्येमुळे कुमागाईचे मन संन्यासाकडे वळते, तर बखरीनुसार त्याने ११९२ साली जमिनीच्या तंट्यात संतापून केस कापले, म्हणजे संन्यासाची वाट धरली.