मेम्ब्रेन प्रोटीनमधलं पोस्टडॉक : माझं काय चुकलं, काय जमलं

पीएचडीत मी पाण्यात विरघळणाऱ्या एका साध्यासुध्या एन्झाइमवर काम केलं. दोन लिटर कल्चर वाढवायचं, पेशी फोडायच्या, निकेल कॉलम चालवायचा, की संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस मिलिग्रॅम शुद्ध प्रोटीन हातात. त्याच हिशेबाने पोस्टडॉकला एक मेम्ब्रेन ट्रान्सपोर्टर घेतला, म्हणजे पेशीच्या पटलात (मेम्ब्रेनमध्ये) बसून पदार्थांची ने-आण करणारं प्रोटीन. सहा महिन्यांत प्रोटीन, वर्षभरात स्ट्रक्चर (त्याची त्रिमितीय रचना), दुसऱ्या वर्षी पेपर. पहिल्या खेपेला आठ लिटर कल्चरमधून अर्धा मिलिग्रॅमही निघालं नाही, आणि जे निघालं ते आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या साइझ-एक्स्क्लूजन कॉलमच्या व्हॉइडमध्येच, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, बाहेर पडलं. म्हणजे सगळा गोळा झालेला. असे चौदा महिने गेले.

त्या चौदा महिन्यांचं खापर मी बरेच दिवस प्रोटीनवर फोडत होते. खरं तर लॅब निवडताना माझी नजर भलतीकडे होती. संस्थेत टायटन क्रिओस हा मोठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, शेवटचे तीन पेपर मोठ्या जर्नलांत आहेत, बॉस बोलायला चांगले आहेत, एवढं पाहून मी हो म्हटलं. ते तिन्ही पेपर ज्याने केले तो पोस्टडॉक आधीच निघून गेला होता आणि प्रोटीन मेम्ब्रेनमधून सोडवणारे डिटर्जंट कसे निवडायचे हे ज्ञान त्याच्याबरोबरच गेलं होतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मायक्रोस्कोप तळघरात शांतपणे गुणगुणत होता. त्यात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर गाडी नेहमी इथेच अडलेली दिसते. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूचं रिअ‍ॅक्शन सेंटर 1985 मध्ये अणूंच्या पातळीवर दिसलं. त्यासाठी डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना 1988 चं नोबेल मिळालं, पण त्यातला मूळ पराक्रम मिशेल यांनी मेम्ब्रेन प्रोटीनचे क्रिस्टल उगवून दाखवले हा होता. पोटॅशियम चॅनलसाठी 1998 उजाडलं. बीटा-2 अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टरसाठी 2007. तेही त्याच्या मधल्या लुळ्या भागाच्या जागी टी-4 लायसोझाइम बसवून, किंवा त्याला अँटिबॉडीचा तुकडा चिकटवून. मग 2013 च्या शेवटी टीआरपीव्ही-1 चॅनल क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने) 3.4 अँगस्ट्रॉमला दिसला आणि क्रिस्टलची सक्ती संपली. मेम्ब्रेनमधून प्रोटीन जिवंत बाहेर काढायची सक्ती मात्र तशीच राहिली. बाहेरून या क्षेत्रात येणाऱ्यांची गफलत इथे होते. त्यांना वाटतं की आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. रेलिऑन किंवा क्रायोस्पार्क हे चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत हाताखाली येतं. ग्रिडवर (नमुना गोठवायच्या बारीक जाळीवर) नीट पसरलेलं, न तुटलेलं प्रोटीन मिळवायला वर्ष जातं.

मला पहिल्या वर्षी कोणी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट सांगते. डीडीएम या नेहमीच्या डिटर्जंटचं रिकामं मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचा गोळा, साधारण 70 किलोडाल्टनचं (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) असतं. मी 50 किलोडाल्टनच्या फिल्टरमध्ये प्रोटीन घट्ट करत होते, त्यामुळे प्रोटीनबरोबर रिकामी मायसेलंही घट्ट होत गेली. ग्रिडवर त्यांचीच गर्दी, आणि बर्फही वाईट. आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या लॅबमधल्या एका टेक्निशियनने हे दहा मिनिटांत ओळखलं. त्यांनीच एफएसईसी, म्हणजे चमक मोजत साइझ-एक्स्क्लूजन कॉलम चालवणं, शिकवलं: प्रोटीनला जीएफपी हे चमकणारं प्रोटीन जोडायचं आणि शुद्ध न करताच, मायक्रोग्रॅमभर मालावर, वीस कन्स्ट्रक्ट (प्रोटीनच्या जनुकाची बदललेली रूपं) आणि सहा डिटर्जंट एका आठवड्यात चाळून काढायचे. कावाते आणि गूओ यांनी ही पद्धत 2006 मध्येच मांडली होती. मी वाचलीही होती. पण वाचणं वेगळं, आणि कोणीतरी शेजारी उभं राहून ‘हा पीक टाकून दे, याच्या खांद्यावर जाऊ नकोस’ असं म्हणणं वेगळं. शेवटी चाललं ते दुसऱ्याच जिवाणूतलं भावंड प्रोटीन, एलएमएनजी डिटर्जंटमध्ये.

म्हणून आता कोणी विचारलं की लॅब कशी निवडू, तर मी बॉसच्या मुलाखतीपेक्षा लॅबमधल्या लोकांशी एकांतात होणाऱ्या अर्ध्या तासाला जास्त महत्त्व देते. त्यांना विचारा: गेल्या पाच वर्षांत किती प्रोजेक्ट बंद पडले, आणि ते बंद करायचं कोणी ठरवलं? प्रोटीन बनवायच्या कीटकपेशी किंवा एचईके या मानवी पेशी कोण सांभाळतं, की प्रत्येकाने आपापल्या? ग्रिड गोठवल्यावर ती तपासायला छोटा मायक्रोस्कोप किती दिवसांत मिळतो? मोठ्या मशीनसाठी थांबणं फारसं बिघडत नाही. ग्रेनोबलचं ईएसआरएफ किंवा ब्रिटनमधलं डायमंड अशा केंद्रांत प्रस्ताव पाठवून वेळ मिळवता येतो. पण ग्रिड कशी झाली हे कळायला तीन आठवडे लागत असतील तर वर्षात तुमचे सुधारायचे प्रयत्न दहा-पंधराच होतात. आणि बंद पडलेल्या प्रोजेक्टबद्दल सगळे एकदम गप्प झाले, तर तेच उत्तर समजा.

प्रोजेक्टबद्दल. 2021 मध्ये अल्फाफोल्ड-2 हा स्ट्रक्चरचा अंदाज बांधणारा प्रोग्राम आल्यापासून ‘या प्रोटीनचं स्ट्रक्चर अजून कोणी केलेलं नाही’ एवढ्या वाक्यावर प्रोजेक्ट उभा राहत नाही. अंदाजी मॉडेल आज कोणीही काढू शकतं. ते बहुतेक वेळा एकाच स्थितीचं असतं. ट्रान्सपोर्टर बाहेरच्या बाजूला उघडा असताना, मिटलेला असताना, आत उघडताना कसा दिसतो, लिपिड कुठे बसतं, औषधाचा रेणू नेमका कुठे अडकतो, हे त्यातून आपसूक मिळत नाही. त्यामुळे स्ट्रक्चरच्या जोडीला दुसरा पाय हवा: लिपोसोममध्ये (लिपिडच्या पोकळ गोळीत) प्रोटीन बसवून वाहतूक मोजणं, इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, सिंगल-मॉलिक्यूल फ्रेट, मॉलिक्युलर डायनॅमिक्स, काहीही एक. याचा फायदा मला फार विचित्र वेळी झाला. आमचं हस्तलिखित अर्धं झालेलं असताना दुसऱ्या एका गटाने त्याच प्रोटीनचं, त्याच स्थितीतलं, आमच्याहून चांगल्या रेझोल्यूशनचं स्ट्रक्चर प्रीप्रिंटवर टाकलं. तो दिवस मी पेशी मोजण्यात घालवला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पण आमच्याकडे सात म्युटंटांची (मुद्दाम बदल केलेल्या प्रोटीनची) लिपोसोममधली मोजमापं होती, त्यांच्याकडे नव्हती. पेपर त्याच जोरावर तगला. ईएमबीओ (युरोपातली जीवशास्त्रज्ञांची संघटना) प्रेसची जर्नलं आणि प्लॉस बायॉलॉजी, दुसऱ्याने आधी छापलं म्हणून ठरावीक मुदतीत पेपर नाकारत नाहीत. हे माहीत असलं की अशा दिवशी हात थोडे कमी थरथरतात.

तुमचं प्रोटीन 100 किलोडाल्टनच्या खाली असेल आणि मेम्ब्रेनबाहेर त्याचं काहीच डोकावत नसेल, तर रुजू होण्याआधीच विचारा की नॅनोबॉडी किंवा फॅब (प्रोटीनला चिकटणारे अँटिबॉडीचे छोटे तुकडे) कोण बनवणार. नुसत्या मायसेलच्या ढगात एवढंसं प्रोटीन कुठे वळलंय हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.

अर्जांचं थोडक्यात. जाहिराती सीसीपी-4 या क्रिस्टलोग्राफी सॉफ्टवेअरच्या बुलेटिन बोर्डावर, युरॅक्सेस या युरोपीय पोर्टलवर येतात, पण बऱ्याच जागांची जाहिरात येतच नाही. मी पहिल्या फेरीत अकरा मेल पाठवले, सगळे एकाच साच्यातले, आणि उत्तरं आली दोन. दुसऱ्या फेरीत चारच पाठवले. प्रत्येकात त्यांच्या ताज्या पेपरमधल्या एका आकृतीवर खराखुरा प्रश्न, माझं एक कौशल्य आणि मी कोणत्या फेलोशिपला अर्ज करणार ते. तीन उत्तरं आली. मेम्ब्रेन प्रोटीनचा अनुभव नव्हता हे मी लपवलं नाही. एन्झाइम कायनेटिक्स पक्कं आहे, हे ठळक लिहिलं.

फेलोशिपमध्ये देशाची अट आधी बघा. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपला अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. माझी एक मैत्रीण ‘आधी जाऊन रुजू होते, मग निवांत अर्ज करते’ म्हणत यातूनच बाद झाली. ईएमबीओची फेलोशिप दोन वर्षांपर्यंत, एचएफएसपीची (ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची) तीन वर्षं, आणि एचएफएसपीला पीएचडीपेक्षा विषय खरोखर बदललेला लागतो. विरघळणाऱ्या एन्झाइमवरून मेम्ब्रेनकडे येणाऱ्याला ही अट उलट सोयीची पडते. मेरी क्युरीची मुदत अलीकडे बहुधा सप्टेंबरात असते, आणि प्रस्ताव यजमान लॅबबरोबर बसून लिहावा लागतो. जुलैत पहिला मेल टाकलात तर त्या वर्षीची संधी गेली.

मुलाखतीच्या भाषणात फसलेल्या गोष्टींची एक स्लाइड ठेवा. माझ्या दुसऱ्या मुलाखतीत चाळीस मिनिटांपैकी पंधरा त्या एकाच स्लाइडवर गेली: कोणते डिटर्जंट, कोणते पीक, कुठे सोडून दिलं. बाकीच्या सुंदर रंगीत मॅपांवर कोणी काही विचारलं नाही.

आणि निघताना काय घेऊन जाता येईल, हे रुजू होण्याआधी बोलून घ्या. पहिल्या लॅबमध्ये मी ते विचारलं नाही, आणि माझे कन्स्ट्रक्ट तिथेच राहिले. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तेव्हा बॉस जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ट्रान्सपोर्टर तुझा, चॅनल माझा, आणि दोन वर्षं एकमेकींच्या वाटेत यायचं नाही.’ मी म्हटलं, हे मेलवर लिहून द्याल का? त्या हसल्या, पण संध्याकाळी मेल आला.